पाळणाघरातली दुपारची झोप: पत्र्याखाली की लिंबाखाली?

पत्र थोडक्यात असं: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एक ताई घरगुती पाळणाघर चालवतात. आठ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची अकरा लेकरं आहेत, मदतीला एक मावशी आहेत. झोपायची खोली पत्र्याची, तिला एक खिडकी. समोर ओसरी, आणि अंगणात दोन मोठी लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची झाडं. ताईंनी मोबाईलवर फिनलंड-डेन्मार्कमधली लेकरं बर्फात, बाबागाडीत झोपलेली पाहिली. त्या विचारतात, ‘बाहेर झोपणारी लेकरं आजारी कमी पडतात आणि जास्त वेळ झोपतात म्हणे. मलाही आमची लेकरं वर्षभर अंगणात झोपवावीत असं वाटतं, कारण दुपारी खोलीतला पंखा गरम हवाच फेकतो. पण एका लेकराची आजी म्हणाली, “उघड्यावर लेकरू टाकायला आम्ही पैसे भरतो का?” दोन आयांना हवा लागेल अशी भीती आहे. मी खुळ्यासारखा विचार करतेय का?’

ताई,

खुळ्यासारखा नाही. पण फिनलंडच्या व्हिडिओपेक्षा तुमच्या पत्रातलं पंख्याचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं, म्हणून सुरुवात तिथून करते. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं. अशी दोन आणा. एक खोलीत, लेकरं झोपतात तिथंच, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवा. दुसरं लिंबाच्या सावलीत तेवढ्याच उंचीवर, ऊन लागणार नाही असं टांगा. आठवडाभर साडेबारा, दीड आणि अडीच वाजता दोन्ही आकडे वहीत लिहा. दोन्हीकडं आकडा सारखा आला तरी खोलीतच जास्त उकडतं हे लक्षात घ्या. तापलेला पत्रा वरून आच टाकत राहतो आणि ती आच हवेचं तापमान मोजणाऱ्या यंत्रात पुरती दिसत नाही. ही वही हातात आली की ‘आत की बाहेर’ हा वाद मतांचा राहत नाही.

आता त्या बर्फातल्या लेकरांकडं येऊ. फिनलंडमध्ये अर्वो इल्प्पो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात ही रीत रुजवली. त्या काळी तिथं बालमृत्यू फार होते, आणि कोंदट घरापेक्षा मोकळी हवा बरी, हा त्यामागचा विचार होता. २००८ साली तिथल्याच औलू शहरातल्या संशोधकांनी आईवडिलांना विचारून एक अभ्यास छापला. बाहेर लेकरं दीड ते तीन तास झोपतात आणि घरात एक ते दोन, असं पालकांनी सांगितलं. उणे पाच-सहा अंशांची थंडी त्यांना झोपेला सर्वांत चांगली वाटत होती. मात्र हा पालकांनी सांगितलेला अनुभव आहे, दोन गट करून घेतलेली चाचणी नव्हे. शिवाय लांब झोपेचं एक कारण त्या संशोधकांनीच सुचवलं होतं: जाड कपड्यांत गुंडाळल्यानं लेकराची हालचाल कमी होते, आणि बाहेर थंडी असल्यानं तसं गुंडाळलं तरी ते तापत नाही. ही सोय परभणीत नाही. तिथली आई लेकराला गुंडाळू शकते ती थंडीच्या भरवशावर.

तापण्याची भीती त्या थंड देशांतही असतेच. स्वीडनमधल्या एका वर्तमानपत्रानं २०१४ साली बाबागाडीवर पातळ कापड टाकून ती उन्हात ठेवून पाहिली. आतले २२ अंश अर्ध्या तासात ३४ झाले आणि तासाभरात ३७. आपल्याकडं झोळीवर किंवा पाळण्यावर ‘ऊन लागू नये’ म्हणून साडीचा पदर टाकतात, तिथं नेमकं हेच होतं. सावली करायची तर ती वर, हवा खेळेल इतक्या उंचीवर करा. लेकरावर कापड झाकून केलेली सावली ही सावलीच नव्हे.

आजारपणाबद्दल सांगायचं तर बाहेर झोपल्यानंच आजार कमी होतात असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, तेव्हा पालकांना तसं आश्वासन देऊ नका. एवढं मात्र नक्की सांगता येतं की सर्दी विषाणूनं होते, वाऱ्यानं नाही. एकाच खिडकीच्या खोलीत अकरा लेकरं शेजारी शेजारी झोपली की एकाची सर्दी सगळ्यांत फिरते. हवा लागण्याची भीती असलेल्या त्या दोघींना हे पटण्यासारखं आहे.

आजीबाईंचा राग वेगळा आहे, आणि मला तो समजण्यासारखा वाटतो. उघड्यावर लेकरू झोपवणं मराठवाड्याला काही नवं नाही. कापूस वेचायला, खुरपायला गेलेली बाई बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधतेच. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं फडाच्या कडेला झोपतात, त्याला कुणी उपक्रम म्हणत नाही. ज्यांनी हे नाइलाजानं केलं, त्यांच्या घरातलं नातवंड पाळणाघरात येतं ते त्या नाइलाजातून सुटावं म्हणून. अशा बाईला परदेशी व्हिडिओ दाखवून काय उपयोग? तिला लेकरांसाठी बांधलेला ओटा दाखवा (तो कसा बांधायचा ते पुढं सांगते), मच्छरदाणी दाखवा, शेजारी जागी बसलेली मावशी दाखवा. दुपारी एक तास येऊन बसा म्हणा. उघड्यावर टाकणं आणि बाहेर झोपवणं यातला फरक तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

‘वर्षभर’ हा शब्द मात्र सोडून द्या. आपल्याकडं बाहेरच्या झोपेचा हंगाम नोव्हेंबर ते साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. या दिवसांत पहाटे परभणीचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, पण दुपारी सावलीत बहुधा सत्तावीस ते एकतीस अंश असतात, हवा कोरडी असते. झोपेला याहून चांगलं काय हवं! फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंब पानं झाडतो, म्हणजे ऊन वाढायला लागतं नेमकी तेव्हाच सावली विरळ होते. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारी बाहेर झोपवूच नका, झाड कितीही मोठं असो. पावसाळ्यात ओसरी बरी.

आकड्यांत सांगायचं तर माझा ठोकताळा असा आहे. सावलीत बत्तीसपर्यंत निर्धास्त झोपवा. बत्तीस ते पस्तीसमध्ये एकच पातळ सुती कपडा घाला आणि झोप तासाभरात आवरा. पस्तीसच्या वर आत घ्या. पस्तीसच का? कातडीचं तापमान साधारण तेवढंच असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाची उष्णता काढून न्यायच्या ऐवजी अंगात घालू लागतो, आणि मग गारवा मिळतो तो फक्त घाम वाळण्यातून. लहान लेकराला घाम कमी येतो, आणि वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा मोठा असल्यानं ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. पावसाळ्यात हवा दमट असते, घाम वाळतच नाही, म्हणून तेव्हा हे सगळे आकडे दोन-तीन अंशांनी खाली धरा.

इथं एक इशारा. गरमीत लेकरू नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपलं तर ‘छान झोप लागली’ असं समजू नका. तापलेलं लेकरू सुस्तावून पडतं. उठवल्यावर डोळे नीट उघडत नसेल, श्वास जोरात चालला असेल, अंग तापलेलं असेल किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल, तर कपडे काढा, ओल्या कापडानं अंग पुसत वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ लावा. पूर्ण शुद्धीत नसलेल्या लेकराच्या तोंडात पाणी घालू नका.

जागा ठरवताना बहुतेकांची फसगत होते ती सावलीच्या चालीत. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, माध्यान्हीलाही तो जेमतेम सत्तेचाळीस अंश वर असतो. म्हणून मोठ्या लिंबाची दाट सावली बुंध्याखाली न पडता उत्तरेला पंधरा-वीस फूट सरकलेली असते, आणि दुपार कलते तशी ती ईशान्येकडं जाते. बुंध्याशी अंथरूण टाकलं की एक वाजता लेकरांच्या तोंडावर ऊन येतं, मग झोपलेलं लेकरू उचलून हलवा, ते रडणार, शेजारचंही उठणार. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी साडेबारा, दीड आणि अडीचला सावलीच्या कडेनं चुन्याची फक्की ओढा. तिन्ही रेघांच्या आत जो भाग सापडतो तीच झोपायची जागा. हे काम महिन्यातून एकदा करावं लागतं.

झाडं तुमच्याकडं लिंबाची आहेत हे नशीबच. ज्यांच्याकडं इतर झाडं आहेत त्यांच्यासाठी सांगते: शेवग्याखाली लेकरू नकोच, त्यावर केसाळ सुरवंट लोंबतात आणि फांदी ठिसूळ असते. गुलमोहराची फांदीही विश्वासाची नाही. बाभळीखाली काटे. वड-पिंपळाची सावली दाट, पण वर पाखरांची वस्ती. लिंबाच्याही वाळक्या फांद्या दिवाळीच्या आधी छाटून घ्या, आणि आग्या मोहोळ वर नाही ना ते मान वर करून रोज पाहा. तुमच्या भागात वानरं येत असतील तर लेकरांच्या आसपास खाऊचा कणही ठेवू नका.

जमिनीवर थेट अंथरूण नको. सावलीच्या त्या जागेवर फूटभर उंचीचा, साधारण दहा बाय बारा फुटांचा ओटा बांधून घ्या, वर शहाबादी फरशी घाला. बुंध्याभोवतीची माती मात्र मोकळी ठेवा, सिमेंटनं मुळं कोंडली तर झाड वाळेल. ओट्यावर चटई, वर सतरंजी, आणि प्रत्येक लेकराची आपापली सुती चादर. प्लॅस्टिकच्या चटईवर कापड न टाकता झोपवलं तर पाठीला घाम साचतो आणि घामोळं उठतं. दोन लेकरांत हातभर अंतर ठेवा, कडेला मोठी लेकरं नकोत आणि लहानही नकोत. म्हणजे ओट्याची कड दीड फूट रिकामी सोडा.

कपड्यांत आपल्याकडं थंडी म्हटलं की कानटोपी आणि स्वेटर येतोच. सकाळी आठला ते ठीक. दुपारी अठ्ठावीस अंशांत कानटोपी घालून झोपलेलं लेकरू तापतं, कारण लहानग्याची बरीच उष्णता डोक्यातून जाते. पूर्ण बाह्यांचा एक सुती कपडा आणि छातीपर्यंत पातळ चादर पुरे. गार की गरम ते हाताला हात लावून ठरवू नका, लेकरांचे हात गारच लागतात. मानेमागं बोटं लावा. तिथं घाम असेल तर एक थर काढा.

डासांचं म्हणाल तर डेंग्यू-चिकुनगुनियाचा डास दिवसा चावतो, सावलीत तर दुपारीही. मच्छरदाणी हवीच. छत्रीसारख्या उघडणाऱ्या छोट्या जाळ्या लहान लेकरांना, आणि थोड्या मोठ्यांसाठी दोरीवर टांगलेली एक डबल बेडची जाळी, कडा सतरंजीखाली खोचलेल्या. अगरबत्ती-कॉइलचा धूर नको. जेवणानंतर तोंड-हात ओल्या कापडानं पुसले नाहीत तर दुधाच्या वासानं मुंग्या येतात. मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढतात तीही नको, ते कीटकनाशक असतं आणि लेकरांची बोटं तिथंच जातात.

साप-विंचवाच्या भीतीला मी वहम म्हणणार नाही. ओट्यापासून वीस फुटांच्या आत विटांची रास, गोवऱ्या, सरपण, पऱ्हाट्या काहीही नको. विंचू दिवसा अशा राशीत आणि घडी घातलेल्या कपड्यांत दडतो. अंथरूण रात्री बाहेर सोडू नका, रोज अंथरण्याआधी झटका. लाल विंचू चावलेल्या लेकराला उलट्या होऊ लागल्या, दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, तर झाडपाला आणि मांत्रिकात पंधरा मिनिटंही घालवू नका. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशातून लेकरं वाचतात, पण औषध वेळेत पडायला हवं. तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्राझोसिन आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असतं का, हे हंगाम सुरू होण्याआधी स्वतः जाऊन विचारून या. आणि फाटक. मोकाट कुत्र्यांचा धोका सापापेक्षा रोजचा आहे. चार फुटी फाटकाला खालून फट असेल तर ती बुजवा.

बाहेरच्या हंगामात आणखी एक गोष्ट नेमकी आड येते. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर आणि हरभऱ्यावर अळीसाठी फवारणी चालते. तुमचं घर गावाच्या कडेला असेल तर शेजारच्या शेतकऱ्याला फवारणीच्या दिवशी सकाळी एक फोन करायला सांगा. त्या दिवशी लेकरं आत, खिडकी बंद. पऱ्हाट्या किंवा पाचट जाळत असतील तेव्हाही तसंच. अवकाळी ढग आले आणि पहिला गडगडाट ऐकू आला की झाडाखालून उठायचंच, पाऊस पडो न पडो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत बाहेर नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं, ते मोबाईलमध्ये घालून ठेवा.

आता तुमच्या बेतातली सर्वांत मोठी अडचण, जिचा पत्रात उल्लेखच नाही: माणसं. वर्षाच्या आतल्या लेकरांना मी अंगणात झोपवायला सांगणार नाही. त्यांना सपाट, कडक गादीवर, उताणं, उशी आणि सैल पांघरुणाशिवाय झोपवायचं असतं. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, सैल विणीच्या बाजेतही तेच. म्हणजे तान्ही आत आणि बाकीची बाहेर. मग तुम्ही आत, मावशी बाहेर, आणि कुणाला शी झाली, दाराशी कुणी आलं, फोन वाजला की एक जागा माणसाविना. हे चालणार नाही. तान्ह्यांचा पाळणा ओसरीत असा ठेवा की ओट्यावर बसलेल्या माणसाला तो सरळ दिसेल. ओट्यावरचं माणूस जागं आणि मोबाईलशिवाय हवं. दर दहा मिनिटांनी उठून प्रत्येकाचा श्वास, तोंडाचा रंग, मान पाहायची आणि वहीत वेळ टाकायची. दोघींपैकी एक रजेवर असेल त्या दिवशी सगळी झोप आतच. लेकरं पटकन आत न्यायची रंगीत तालीमही करा: आधी कुणाला उचलायचं, चालणाऱ्यांनी कुणाचा हात धरायचा, आत गेल्यावर मोठ्यानं अकरा मोजायचे.

एवढं सगळं केलं तरी वर्षातले आठ महिने लेकरं त्या खोलीतच किंवा ओसरीत झोपणार आहेत. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी खोलीवर घाला, ओट्यावर नंतर. पत्र्याला वरून पांढऱ्या चुन्याचे, फेव्हिकॉल मिसळून, दोन हात दर वर्षी फेब्रुवारीत द्या. खिडकीच्या समोरच्या भिंतीत, छताच्या लगत, दीड-दोन फुटांचा झरोका फोडा आणि त्याला जाळी बसवा. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वाट हवी. खालून जिप्सम बोर्डाचं छत परवडलं तर उत्तम. थर्माकोल लावू नका, तो पेट घेतो. पत्र्यावर कडबा टाकायची पद्धत आहे, पण कडब्यात उंदीर येतात आणि उंदरामागं साप. कूलर लावलात तर झरोका उघडा ठेवा, नाहीतर खोली गार होण्याऐवजी दमट होते. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचा डास तिथंच वाढतो. एप्रिल-मेमध्ये जेवण अकराला आणि झोप साडेअकरा ते एक अशी अलीकडं ओढा. उठल्यावर प्रत्येकाला पाणी. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू कुणाकडं असेल तर त्याला पाणी नको, आईचं दूधच.

सुरुवात दिवाळीनंतर तीन वर्षांपुढच्या तीन-चार लेकरांपासून करा. पहिले चार-पाच दिवस ती झोपायचीच नाहीत, पानं आणि खारी बघत पडतील. आठवड्यानंतरही झोप लागायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल, तर रस्त्याचा आवाज किंवा पानांतून डोळ्यांवर पडणारे कवडसे तपासा, ओट्यावर उंच एक शेडनेट ताणा. झोप तीनच्या आत संपवा, नाहीतर रात्री घरी जागरण आणि सकाळी तुमच्याकडं तक्रार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक-दोन वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास आणि तीन-चार वर्षांच्याला दहा ते तेरा तास झोप लागते, त्यात ही दुपारची धरलेली आहे. तेव्हा बाहेर अडीच तास झोपलं म्हणून कौतुक करू नका, दीड तास बास.

पालकांकडून लेखी संमती घ्या. कागदावर महिने, वेळ, किती अंशांच्या वर आत घेणार, कोण बसणार, आणि ताप, दम किंवा खोकला असलेलं लेकरू त्या दिवशी ओसरीत झोपेल, एवढं मराठीत साधं लिहा. जे नाही म्हणतील त्यांचं लेकरू ओसरीत झोपू द्या. त्यांना रोज विचारत बसू नका.